ऐकू आलं नाही

एकतीस नंबर पुकारला गेला आणि माझ्या कानात माझीच पोरगी खाकरली.

खाकरणं आधी ओळखलं मी, आवाज नंतर. दोनदा बारीक आणि एकदा मोठं. शाळेत भाषणाला उभी राहायची तेव्हापासून रोशनीचं हे असंच आहे. तिसऱ्यांदा खाकरली की समजायचं, आता ही थांबत नाही. बाप्पा! छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं, हे तिकडे ऐकू जाईल. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराची मागची खोली, एप्रिल महिना, आणि कूलर बंद, कारण कूलर सुरू असला की मला बोलणारे नीट ऐकू येत नाहीत, आणि यावरून आमच्याकडे रोज सकाळी भांडण. टेबलावर स्टेनो मशीन, कानात अमेरिका. अमेरिका म्हणजे तिथल्या एका लहानशा गावाची नगर परिषद. तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती आणि गावातले लोक एकेक करून माइकपाशी येऊन तीन-तीन मिनिटं बोलत होते. गावाचं नाव सांगत नाही, सदर भागातल्या आमच्या कंपनीला तसं लिहून दिलं आहे मी. माझं काम एवढंच, की जे कानात येईल ते बोटांनी मशीनवर घ्यायचं. तीन सेकंदांत ते तिकडच्या सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर उमटतं, ज्यांना ऐकू येत नाही ते वाचतात, आणि सभा संपली की तेच सगळं त्या गावाच्या वेबसाइटवर कायमचं राहतं. कोणीही यावं, कुणाचंही नाव टाकावं, तो माणूस कधी काय बोलला ते समोर हजर. चित्र आम्हाला दाखवत नाहीत. नुसता आवाज येतो.

"नाव आणि पत्ता सांगा," असं तिथल्या कारकून बाई म्हणाल्या.

रोशनीनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, घर नंबर सांगितला, रस्ता सांगितला. इतकं स्वच्छ की सभागृहातला पंखासुद्धा मला मागे ऐकू येत होता. आणि माझ्या बोटांनी काय केलं असेल? आमच्या मशीनवर एक जोडबटण असतं. माणूस पुटपुटला, माइक खरखरला, दोघं एकदम बोलले, की ते दाबायचं, म्हणजे पडद्यावर चौकटी कंसात येतं, 'ऐकू आलं नाही'. सात वर्षांत मी ते इतकं कमी वापरलं की कंपनीनं दिवाळीला माझा सत्कार केला, शाल दिली, स्टीलचा डबा दिला. ते बटण मी दाबलं. एकदा नावाला, एकदा पत्त्याला. जे नाव मी स्वतः ठेवलं, ज्या नावानं हिला हाका मारमारून माझा गळा बसायचा, ते मला ऐकू आलं नाही! नियमाप्रमाणे ओळखीचा माणूस बोलायला आला तर मशीन जोडीदाराकडे सोपवायचं असतं. पण जोडीदार जितेंद्रभाऊ, सक्करदऱ्याला आपल्या घरी कान लावून बसलेला, तो तर ते नाव बिनचूक घेणार. म्हणून मी सोपवलंही नाही. हात मशीनवर गच्च, घाम मानेवरून पाठीत, आणि पोरगी बोलायला लागली.

इंग्रजीत बोलत होती, मी आपली मराठीत सांगते. म्हणाली, "मला इथं मत देता येत नाही. पाण्याचं बिल मात्र येतं, आणि मी ते भरते." कोणीतरी हसलं. मी घेतलं. बोटं आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं, आणि मोकळं डोकं किती वाईट असतं हे मला विचारा. कारण डोक्यात मागच्या वर्षीचा मे महिना होता. तिकडे विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द व्हायला लागले होते, कुणी मोर्चात दिसला म्हणून, कुणी काही लिहिलं म्हणून. इकडे आमच्या घरात ती बातमी हिंदी चॅनेलवर लाल अक्षरांत, ढोल वाजवत, दिवसभर. धम्मदीप, म्हणजे आमचे हे, वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोरून उठत नाहीत, त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मी रोशनीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिनं आजवर इंटरनेटवर जे जे लिहिलं होतं ते एकेक करून पुसायला लावलं. दोन तास. हेही पूस, तेही पूस. एक फोटो होता, हातात पुठ्ठा धरलेली, थंडीनं नाक लाल. "हा तरी राहू दे ना वं आई, यात मी किती छान दिसून राहिली," म्हणाली. मी म्हटलं, "पूस." पुसला तिनं. मग म्हणाली, "आता मी काहीच बोलत नाही कुठं. तुझी शपथ." मी म्हटलं, "माझी कायले, पीएचडीची घे." हसली, घेतली. आणि आता माइकपाशी उभी! पीएचडीची शपथ खाऊन! तिथे हात पोचला असता तर एक धपाटा घातला असता, आणि त्याच हातानं जवळ ओढली असती.

पण शपथेचं म्हणावं तर मी कोणती धुतल्या तांदळासारखी आहे? आठ महिन्यांपूर्वी कामाच्या यादीत त्या गावाचं नाव दिसलं. रोशनीच्या विद्यापीठाचं गाव! ज्या बाईकडे ते काम होतं तिला मी माझ्या दुपारच्या सोप्या पाळ्या देऊन टाकल्या आणि हे पहाटेचं काम मागून घेतलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नसतंच, लिहून दिलेलं. तेव्हापासून महिन्यातून दोन पहाटा मी त्या गावात असते. कोणत्या पुलाचं काम सुरू आहे, बर्फ पडला की कोणता रस्ता शेवटी साफ होतो, कुत्र्यांच्या बागेवरून कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं पाठ. एक म्हातारबुवा हल्ली दर सभेला येतात आणि एकच सांगतात, की नगर परिषदेच्या दारासमोर पायऱ्या आहेत, उतरताना डाव्या हाताचं रेलिंग सैल आहे, एखाद्या दिवशी कोणी पडेल तेव्हा कळेल तुम्हाला. तीन मिनिटं रेलिंग. पाच सभा झाल्या, रेलिंग तसंच. धम्मदीप म्हणतात, आपल्या नंदनवनाची गटारं बरी. मधे एकदा मी फोनवर बोलून गेले, "त्या पुलाकडून नको जाऊ, बंद आहे थो." रोशनी चाट. "तुले कसं माहीत?" मी म्हटलं, "इंटरनेटवर वाचलं." तिला वाटलं आई रिकामटेकडी झाली आहे. आई तिच्या गावचा कारभार लिहीत होती, एक शब्द न गाळता, आणि पोरीला पत्ता नाही. मला तर त्याचं इतकं सुख वाटायचं, इतकं, की सभा संपल्यावर मी उगाच दोन पोहे जास्त खायची.

त्या दिवशीच्या सभेत नवा ठराव होता. माइकपाशी बोलायचा हक्क फक्त नागरिकांना द्यावा, बाकीच्यांनी बसून ऐकावं. रोशनीच्या आधी, सत्तावीस नंबरला, एक माणूस बाजूनं बोलला. आवाजावरून भला वाटला, शेतीची अवजारं विकतो म्हणाला. त्याचं म्हणणं, बाहेरून गाड्या भरभरून लोक येतात, मोठमोठ्या गोष्टी बोलतात, टीव्हीवर दिसतात आणि निघून जातात, आणि आमच्या गल्लीतल्या माणसाचा नंबर येईपर्यंत तो झोपायला गेलेला असतो. हे आमचं घर आहे, आमच्या घरात आधी आम्हाला बोलू द्या. त्याचंही मी पूर्ण घेतलं. त्याचा आवाज शेवटी कापला, तिथे टिंब टिंब दिले. मला पटलं नाही त्याचं, पण घेतलं. माझं पटणं न पटणं कोण विचारतं? दुपारी मी विलायतेच्या एका चॅनेलचं करायची तेव्हा एक गृहस्थ रोज चाळीस मिनिटं ओरडून सांगायचे की या देशात आम्हाला बोलूच देत नाहीत. रोज! चाळीस मिनिटं! मी घ्यायची. समुद्रातून होड्यांत बसून येणाऱ्यांबद्दल ते जे बोलायचे तेही घ्यायची, स्वल्पविरामासकट. आणि संध्याकाळी दुसऱ्या चॅनेलवर दुसरे लोक त्याच गृहस्थांचं अर्धं वाक्य तोडून दाखवायचे, म्हणजे तो आणखी वाईट दिसावा. मला माहीत असायचं ना पुढचं अर्धं वाक्य! माझ्याच बोटांतून गेलेलं. धम्मदीप म्हणायचे, "कोणाचं खरं वं?" मी म्हणायची, "पूर्ण चाळीस मिनिटं ऐका, मग सांगते." ते म्हणायचे, "भैताड समजते का मले, चाळीस मिनिटं कोण ऐकते!" तेच तर. जानेवारीत याच नगर परिषदेत एक बाई बोलली होती, आधी पोलिसांना धन्यवाद दिले आणि मग त्यांच्यावर चिडली. एका चॅनेलनं धन्यवाद दाखवले, दुसऱ्यानं चिडणं. नऊ नऊ सेकंद. दोन्हीकडे ती बाई खोटी झाली. पूर्ण बाई फक्त मी लिहिलेल्यात होती.

पडद्याच्या कोपऱ्यात जितेंद्रभाऊचा निरोप उमटला. 'मॅडम नाव गेलं.' मग लगेच, 'मले साफ ऐकू आलं. मी टाकू का?' माझे हात पोरीच्या वाक्यांत अडकलेले, उत्तर कुठून देऊ? ती पाण्याबद्दल बोलत होती. म्हणत होती, "दीड वर्षापूर्वी मी इथंच उभी राहिले होते. आमच्या प्रयोगशाळेनं बारा घरांच्या नळांत शिसं सापडलं ते मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. नळ बदलले. तेव्हा कुणी विचारलं नाही की या मुलीला मत आहे का." अगं बाई! हे मला माहीतच नव्हतं! दीड वर्षापूर्वी हे काम माझ्याकडे नव्हतं, आणि ही पोट्टी घरी एक अक्षर बोलली नाही. बारा घरांची लेकरं शिशाचं पाणी प्यायची थांबली ती माझ्या पोरीच्या तीन मिनिटांनी! माझी बोटं धावत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात नव्हता. दारात धम्मदीप चहा घेऊन उभे. "काय झालं वं? बीपी वाढला का?" मी कोपर हलवलं, जा म्हणून. गेले नाहीत. चहा हातात धरून तिथेच उभे राहिले. जितेंद्रभाऊचा तिसरा निरोप आला. 'थांबा. लोणारे? थे आपली रोशनी तर नाही?' मग, 'मी काही ऐकलं नाही मॅडम. तुम्ही म्हणाल तसं.'

तुम्ही म्हणाल तसं. हे वाक्य कुणाला म्हणतात मला चांगलं ठाऊक आहे. सोळा वर्षं मी कोर्टात स्टेनो होते, कोणत्या कोर्टात ते राहू द्या. माझ्या बाबांनी, म्हणजे धोंडबांनी, मिलमधून सुटल्यावर मला रोज सायकलवर बसवून शॉर्टहँडच्या क्लासला नेलं. छप्पन साली ते आठ वर्षांचे होते, दीक्षेच्या त्या गर्दीत आपल्या बापाच्या खांद्यावर बसलेले, आणि आयुष्यभर सांगायचे की त्या दिवशी मले काही दिसलं नाही, पण लाखो लोक एकदम बोलले थे मी ऐकलं. माझं नाव सत्यवती ठेवलं त्यांनीच. तर कोर्टात साक्षीदार बोलतो, साहेब, म्हणजे जज, त्याचं नीटनेटकं इंग्रजी करून सांगतात, आणि स्टेनो साहेबांचं घेतो. साक्षीदाराचं घ्यायचं नसतं. एकदा सिंधूताई नावाची बाई साक्षीला आली. तिच्या घरात माणसं घुसली होती, मारहाण झाली होती. ती म्हणाली, "साहेब, थे आत आले तवा माह्या ताटात भात होता. गरम." साहेबांनी ते सांगितलं नाही. भाताचा केसशी काय संबंध? मी लिहिलं नाही. दुपारी व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली, हातात पिशवी, आणि म्हणाली, "बाई, मी बोलली थे तुमी लिवलं काहून नाही? माह्यासमोर तुमचा हात थांबला होता." मी म्हटलं, साहेबांनी सांगितलं नाही. ती म्हणाली, "पण ऐकलं तर तुमीच होतं ना." आणि गेली. केस जिंकली का हरली, मला आठवत नाही. भात आठवतो. गरम होता.

म्हणून तर हे काम मिळालं तेव्हा मी वेडी झाले होते! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नवीन मशीन शिकले, मनगटं सुजली, पण पहिल्या दिवशी घरी येऊन धम्मदीपना ओरडून सांगितलं, "अहो, मधे साहेबच नाही!" माणूस बोलला की सरळ पडद्यावर. भात असेल तर भात. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसते, दहा वर्षांपासून ऐकू येत नाही तिला. तिनेच भांडभांडून हा पडदा लावून घेतला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा तिचा मोठा, सपाट आवाज. मागे एकदा माइकपाशी येऊन म्हणाली होती, "हे कोण लिहितं मला माहीत नाही, पण दहा वर्षांनी मला माझ्या गावाची भांडणं कळली." मी ते माझ्याच बोटांनी लिहिलं, माझ्याबद्दलचं, आणि नंतर उठून गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू गेलं. आता त्या म्हातारीसमोरच्या पडद्यावर माझ्या पोरीच्या नावाच्या जागी चौकटी कंस होता. आज मीच साहेब झाले होते. कुणाचं घ्यायचं, कुणाचं सोडायचं, मी ठरवत होते. आणि खरं सांगू? साहेबांना जी कारणं असतील त्यापेक्षा माझं कारण शंभरपट मोठं होतं. पोरीचं पाच वर्षांचं शिक्षण, प्रयोगशाळा, ते नळ, सगळं एका नावावर उभं, आणि ते नाव कुणीतरी कुठंतरी बसून शोधेल. मी लिहिलं नाही तर त्याला सापडणार नाही. एवढी साधी गोष्ट. कोणती आई लिहील?

"तीस सेकंद," कारकून बाई म्हणाल्या.

रोशनी म्हणाली, "तुम्ही हा ठराव केलात तर मी गप्प बसेन. मला सवय आहे. मागच्या वर्षी माझ्या आईनं भारतातून बसून माझे सगळे फोटो पुसायला लावले. घाबरट नाही ती. कोर्टात काम केलंय तिनं. पण घाबरली. मी तिला शब्द दिलाय की मी कुठं बोलणार नाही." थांबली. मग म्हणाली, "तर कृपा करून माझ्या आईला कोणी सांगू नका."

सगळं सभागृह हसलं. आणि मी, जिला कोणी सांगायचं नव्हतं ती, नंदनवनात बसून ते वाक्य घेतलं, टिंब दिलं, आणि चौकटी कंसात लिहिलं, 'हशा'. मग मलाही हसू फुटलं. रडता रडता असं हसले की धम्मदीपनी कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय पोरगी आहे माय! टाळ्या वाजत होत्या. सत्तावीस नंबरचा तो अवजारंवाला वाजवत असेल का, कोण जाणे. मी 'टाळ्या' लिहिलं. संपलं, म्हटलं. सुटले. नाव गेलं ते गेलं, बोलणं तर सगळं आलं. बत्तीस नंबर पुकारा आता, बाई, लवकर पुकारा.

तेवढ्यात तो मोठा, सपाट आवाज आला, माइकशिवाय, पहिल्या रांगेतून. "नाव दिसलं नाही मला. पडद्यावर लिहिलं आहे, ऐकू आलं नाही. ही मुलगी कोण आहे? हिनं माझ्या बहिणीच्या घरचा नळ बदलायला लावला. मला नाव वाचायचं आहे."

म्हातारीचं बोलणं मी घेतलं, घ्यावंच लागलं. 'पडद्यावर लिहिलं आहे, ऐकू आलं नाही,' हे मीच पडद्यावर लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा सांगाल का? तुमची इच्छा असेल तरच." तरच म्हणाले तो शब्दही मी घेतला. मागे पंखा. नको म्हण, मी मनात म्हणत होते, नको म्हण वं रोशनी, मान हलव आणि खाली उतर, कोणी काही म्हणणार नाही. आणि त्याच वेळी आतून दुसरंच काहीतरी ओरडत होतं, जसं तिच्या धावण्याच्या शर्यतीत मी दोरीपाशी उभी राहून ओरडायची, लाज सोडून, पळ, पळ! दोन्ही एकदम. कोणतं आधी होतं, मला सांगता येणार नाही.

खाकरली. दोनदा बारीक, एकदा मोठं.

"रोशनी लोणारे," म्हणाली. हळू, एकेक अक्षर मोकळं करून. समोरच्या पडद्याकडे बघून म्हणाली असेल. मी लिहिलं. रोशनी लोणारे. घर नंबर लिहिला. रस्ता लिहिला. म्हातारी म्हणाली, "धन्यवाद, रोशनी." तेही लिहिलं. म्हणजे नाव तीनदा झालं असतं ते दोनदा झालं, आणि वर तो पहिला कंस तसाच होता. सभा संपल्यावर चुका दुरुस्त करायला वेळ देतात. तो मी नंतर दुरुस्त केला, आणि कंपनीला कळवलंही, की ओळखीचं माणूस होतं, मी मशीन सोडलं नाही, आणि नाव मुद्दाम गाळलं होतं. त्याचं काय व्हायचं ते होईल. साडेसहाला पाळी बदलली. जितेंद्रभाऊनं मशीन घेताना एकच शब्द पाठवला, 'घेतलं.'

हेडफोन काढला तर घरात केवढा आवाज! दूधवाला, समोरच्यांचा कुकर, वर कुणाची बादली. धम्मदीपना सांगितलं. आधी त्यांना समजेना, मग समजलं तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता?" मी म्हटलं, "आता काय ते बघू." म्हणाले, "तू लिवलं?" मी म्हटलं, "हाव." भीती मलाही होती, आहे अजून. उठून त्यांनी कूलर सुरू केला. वाळ्याचा ओला वास आला, आणि मला एकदम भूक लागली.

फोन वाजला. रोशनी. मागे वारा, लोकांचे आवाज, आणि त्यांतला एक मी लगेच ओळखला, ते रेलिंगवाले म्हातारबुवा कुणाला तरी काही समजावत होते.

"आई, उठली का?"

"केव्हाची."

"काय करून राहिली?"

"काम. तू?"

"मी... लायब्ररीत होती. आता घरी निघून राहिली." धाप लागल्यासारखं बोलत होती, आनंदानं. मला तो आनंद इथे कानात गरम लागत होता. "आई? तू बोलून काहून नाही राहिली?"

धम्मदीप माझ्याकडे बघत होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पायऱ्या उतरून राहिली ना?" मी म्हटलं. "डाव्या हाताचं रेलिंग नको धरू. सैल आहे थे."

तिकडे पावलं थांबली. वारा, गाड्या, म्हातारबुवा, सगळं होतं, फक्त पोरीचा श्वास ऐकू येत नव्हता. मग ती खाकरली, दोनदा बारीक आणि एकदा मोठं, आणि मी खुर्ची ओढून नीट बसले.